पेशंटचं नाव पुकारा, बाई

टाइपरायटर, टेलिफोन आणि तापट डॉक्टर या तिन्ही गोष्टी श्रद्धेने हाताळल्या तर माणसाला काही करत नाहीत, असं माझं ठाम मत होतं. म्हणून गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी मी पूजा आटोपली, घंटा खाली ठेवली आणि घरात जाहीर केलं, "मी मेडिकल सेक्रेटरी होणार."

आमचे हे भिंतीला टेकून बसले होते. संपाआधी हे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, असत. आता सकाळी सभेला जात आणि दुपारी भिंतीला टेकत.

"म्हणजे नर्स?" ह्यांनी विचारलं.

"नर्स नाही. डॉक्टरांच्या दाराशी टेबल असतं ना, त्यामागे बसते ती."

"आणि बसून काय करते?"

"सगळं," मी म्हटलं. "डॉक्टर नुसते तपासतात. दवाखाना सेक्रेटरी चालवते."

हे वाक्य माझं नव्हतं, रोझीबाईंचं होतं. रोझीबाई भोईवाड्यात आमच्या मागच्या गल्लीत राहत. दादरला डॉक्टर खानोलकर म्हणून हृदयाचे मोठे डॉक्टर होते, त्यांच्या दाराशी त्या इतकी वर्षं बसल्या होत्या की काही पेशंट डॉक्टरांच्या आधी त्यांनाच जीभ दाखवत. आता त्या मुलीकडे वसईला जाणार होत्या. मी मॅट्रिक झालेली, अक्षर वळणदार, म्हणून त्यांनी मला हाताशी धरलं.

माझी एकच अडचण होती, आवाज. सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि एकादशी वजा केल्या तर आठवड्यात माझं धड जेवण कधी होतं ते मलाच शोधावं लागे, त्यात मी मुळातच हळू बोलणारी. रोझीबाई म्हणायच्या, "तू बोलते ते उदबत्ती जळल्यासारखं, मीरा. वास येते, आवाज येत नाय."

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, म्हणजे पुढचं कळेल. अंघोळ झाली की गॅलरीतल्या डालड्याच्या डब्यातल्या वृंदेला पाणी घातल्याशिवाय मी चहा घेत नाही. वृंदा म्हणजे तेच रोप, जे तुमच्याही दारात असेल. त्याचं रोजचं नाव मी घेत नाही, कारण त्याच नावाने आमच्या ह्यांचं नाव सुरू होतं, आणि बायकोने नवऱ्याचं नाव उच्चारलं की त्याचं आयुष्य झिजतं, असं आमच्याकडे मानतात. मीही मानते. संपाने ह्यांच्या सदऱ्यात वारा खेळायला लागला होता, त्यात माझ्या जिभेची भर नको. लिहिलेलं चालतं, हे मी भटजींना विचारून घेतलं आहे. तेव्हा पुढे ते नाव येईल तिथे तुम्हीही कृपा करून मनातच वाचा.

तर तयारी सुरू झाली. दुपारी टायपिंगचा क्लास. संध्याकाळी पळी कानाला लावून टेलिफोनचा सराव. सकाळी स्तोत्रं झाली की त्याच आसनावर बसून मी रोगांची नावं पाठ करायची. सासूबाई दारात तांदूळ निवडत ऐकायच्या. कॉरोनरी थ्रॉम्बोसिस आलं की हातातलं सूप खाली ठेवून नमस्कार करायच्या.

"कडक देव दिसता ह्यो," त्या एकदा म्हणाल्या.

आवाजासाठी मी गॅलरीत उभी राहून चाळीकडे तोंड करून नावं पुकारायची. पहिल्याच दिवशी "रामजी भिकाजी सावंत" म्हटलं, तर खालच्या मजल्यावरचे रामजी खरेच टॉवेल गुंडाळून वर आले.

"काय झालां वहिनी?"

"काही नाही भाऊजी. छातीत दुखतं का तुमच्या?"

"नाय."

"मग जा."

रामजी गेले, पण त्यानंतर महिनाभर ते आमच्या गॅलरीखालून जाताना छातीवर हात ठेवून जात.

पेशंटला नावाने हाक मारणं हा डॉक्टर खानोलकरांच्या दवाखान्याचा पहिला नियम होता. नंबर पुकारायचा नाही. पूर्ण नाव पुकारायचं, मग उठलेल्या माणसाने आपल्या तोंडाने आपलं नाव पुन्हा सांगायचं, आपण ते मोठ्याने म्हणून कागदाशी ताडायचं, आणि जुळलं तरच आत पाठवायचं. पूर्वी एकदा एका पाटलांच्या गोळ्या दुसऱ्या पाटलांच्या पोटात गेल्या होत्या. ते पाटील वाचले, पण डॉक्टरांनी त्या दिवसापासून धसका घेतला.

"आणि नाव तू सुचवायचं नाय," रोझीबाईंनी बजावलं. "घाबरलेला माणूस कुठल्या पण नावाला हो म्हणते. शनिवारी मी नाय येणार. तू एकटी. जमलं तर टेबल तुझं. नाय जमलं तर शिवाजी पार्कची एक पोरगी अर्ज देऊन बसली आहे. कॉन्व्हेंटची आहे ती."

"डॉक्टर फार ओरडतात का?"

"ओरडतात. पण चावत नाय."

शनिवारी उपासाचं काही नव्हतं, तरी भीतीने मी काही खाल्लं नाही. निघताना हे म्हणाले, "जमेल तुला." संपात ह्यांनी इतक्या खात्रीने काढलेलं हे पहिलंच वाक्य. घरात पगार आणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं, हे आम्ही दोघेही बोलत नव्हतो.

सुरुवात मात्र देवदयेने झकास झाली. बाकं भरलेली. आत डॉक्टर घंटा वाजवत, मी केसपेपर उचलत होते, नाव पुकारत होते. आवाज दोन बाकं ओलांडून तिसऱ्यापर्यंत पोचत होता. टेलिफोन आला तर "डॉक्टर खानोलकर्स क्लिनिक" असं म्हणताना मी उभी राहत होते, एवढीच काय ती चूक.

मग घंटा वाजली आणि मी पुढचा केसपेपर उचलला. रोझीबाईंनी आदल्या संध्याकाळी चिठ्ठी येताच नाव घालून इंग्रजीत लिहून ठेवला होता. त्याला फॅमिली डॉक्टरांची ती चिठ्ठी टाचलेली, वर लाल अक्षरात 'तातडीचं'.

नाव होतं तुळशीदास जगन वैती, वरळी कोळीवाडा.

मी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. सकाळपासून गणपत आले, आनंदा आले, बुधाजी येऊन गेले. हे नाव कधी येईल हे माझ्या मनातच आलं नव्हतं. माझ्या लेखी ते नाव जगात एकाच माणसाचं होतं, आणि तो माणूस भोईवाड्यात भिंतीला टेकून बसला होता.

पुन्हा घंटा. आधीच्यापेक्षा लांब.

मी चिठ्ठी सोडवून आत नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, म्हणजे तेवढाच वेळ मिळाला. बाहेर आले. टेबलाजवळच्या बाकावर गिरगावचे एक निवृत्त हेडक्लार्क बसले होते. मी केसपेपर त्यांच्यापुढे धरला.

"काका, एवढं नाव जरा मोठ्याने वाचता का?"

त्यांनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब नेला, मग नाकाला लावला. "चष्मा बदलायला टाकलाय बाई. आणि हे तुमचं काम ना?"

माझंच काम होतं. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "वैती. वरळी कोळीवाडा."

दारापाशी उभा असलेला एक दणकट माणूस बाकांकडे न बघताच चटकन पुढे आला. हातात पिशवी.

"तुम्हीच ना ते?" मी विचारलं.

"हां, मीच तो," तो म्हणाला.

इथे नियमाप्रमाणे त्याच्या तोंडून नाव वदवून घ्यायला हवं होतं. पण त्याने ते सांगितलं असतं की मला "बरोबर, अमुक तमुक" असं म्हणून ताडून बघावं लागलं असतं. तिसरी घंटा झाली. मी दाराकडे बोट केलं. तो आत गेला.

दार नीट लागत नसे. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"शर्ट काढा. झोपा," डॉक्टर म्हणाले.

"मी?"

"मग काय मी झोपू? वायरी लावायच्यात, हलू नका."

बराच वेळ यंत्राची घरघर ऐकू आली. मग डॉक्टरांचा आवाज, जरा गोंधळलेला. "चिठ्ठीत लिहिलंय की दोन दिवस छातीत कळा येतायत. आता कुठे दुखतंय?"

"कुठं नाय."

"कळ कधीपासून थांबली?"

"कदी आलीच नाय."

"मग इथे कशाला आलात?"

"पापलेट घेऊन. वरती बाईंनी सांगितलेलं. मी दत्तू वैती, दर शनवारी येतो."

डॉक्टर वरच्याच मजल्यावर राहत, हे मला ठाऊक होतं. शनिवारचं पापलेट मला कोणी सांगितलं नव्हतं.

दार उघडलं. डॉक्टर उंबऱ्यात उभे, हातात ती चिठ्ठी. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले, माझ्यापेक्षाही हळू.

"बाई, नाव पुकारून आत पाठवलात याला?"

मी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं.

"ज्याची ही चिठ्ठी आहे तो माणूस बाकावर बसायच्या अवस्थेत नाही. तो इथेच कुठेतरी आहे. पुकारा त्याला." तेवढ्यात आत फोन वाजला. इस्पितळाचा असावा, कारण ते वळले. जाता जाता म्हणाले, "मी फोन ठेवेपर्यंत तो आत हवा. नाहीतर तुमच्या वस्तू आवरा."

मी समोर पाहिलं. बाकांवर माणसंच माणसं. कोणी घाम पुसतोय, कोणी खोकतोय, कोणी डोळे मिटून बसलाय. हृदयाच्या डॉक्टरांकडे सगळेच आजारी दिसतात. "दुसरे कोणी वैती?" मी विचारलं. कोणी हललं नाही. नंतर कळलं की कोळीवाड्यात वैती म्हणून हाक मारली तर अर्धी गल्ली वळेल, म्हणून तिथे त्या हाकेला कोणीच वळत नाही.

एका तुळशीदासाचा जीव छातीत अडकला होता आणि दुसऱ्याचा माझ्या जिभेवर. मी डोळे मिटले. गॅलरीतला डबा डोळ्यांपुढे आला, ह्यांचा सैल सदरा आला, शिवाजी पार्कची ती न पाहिलेली मुलगीही येऊन टेबलामागे बसून गेली. देवा, म्हटलं, मला पाप नको आणि त्याला मरण नको. यातून जी वाट आजवर बायकांना तू दिलीस, तीच दे.

आणि मी पदर सावरून, शेवटच्या बाकाकडे तोंड करून, सगळा दम एकवटून म्हटलं,

"वृंदावनापाशी जळते तुपाची वात,
तुळशीदासरावांनी यावं लगेच आत."

उखाण्यात नाव घेतलं तर दोष नाही. मंगळागौरीला काय, बारशाला काय, आपण घेतोच. पण दवाखान्यात उखाणा याआधी कोणी ऐकला नसावा. सगळं खोकणं एकदम थांबलं. मग भिंतीजवळच्या दोन म्हाताऱ्या सवयीने म्हणाल्या, "वा गं वा, छान घेतलंस." हेडक्लार्क काकांनी टाळी वाजवली. कोणीतरी विचारलं, "पेढे कुठायत?"

तेवढ्यात जिन्याच्या दारातून आवाज आला. तो आवाज बाजारात वाढलेला होता.

"कोन गो ती? माजे दाल्ल्याचा नाव घेते ती कोन?"

दारात एक कोळीण उभी. अंगावर हिरवं लुगडं, केसांत अबोली. खाली वॉचमनने मासळीची पाटी वर आणू दिली नाही म्हणून भांडून ती नुकतीच वर येत होती, भांडण अजून अंगात होतं. तिने बाकं चिरत टेबल गाठलं.

"तू घेतलास?"

"मी घेतलं, पण तुमच्या ह्यांचं नाही," मी म्हटलं. "आमच्या ह्यांचं घेतलं. म्हणजे हाक तुमच्याच ह्यांना मारली."

"माजे मानसाला बोलवाला तुजे मानसाचा नाव?"

हे मी स्वतःलाही समजावू शकले नसते. पण गरज पडली नाही. खिडकीजवळच्या बाकावर डोळे मिटून बसलेला एक माणूस कण्हला, "काशी..." आणि बाकावरून सरकला.

काशीबाईंनी मला सोडलं. त्या धावल्या, मी धावले, आतून दत्तू वैती छातीवर लटकणाऱ्या वायरींसकट धावला. "काका" म्हणत त्याने त्यांना उचललं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना आत आणून टेबलावर निजवलं. ओठ निळसर झाले होते. डॉक्टरांनी फोन टाकला, नाडी धरली, सुई भरायला घेतली आणि तिथेच थांबले.

"ही चिठ्ठी यांचीच ना? यात एक इंजेक्शन चालत नाही असं लिहिलंय. नाव काय यांचं?"

"हेच ते," मी म्हटलं.

"मघाशीही हेच ते होते," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दत्तूकडे बघितलं.

"आमचं काका," दत्तू म्हणाला.

"काकाचं नाव?"

"बाबल्या. सगले बाबल्याच बोलतात."

"कागदावर बाबल्या नाही." डॉक्टर काशीबाईंकडे वळले. "तुम्ही पत्नी ना? यांचं नाव सांगा. लवकर."

काशीबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"नवऱ्याचं नाव माहीत नाही?"

"म्हाइत हाय."

"मग सांगा."

"घ्येवाचा नाय."

सुई हवेत होती. तो माणूस टेबलावर श्वास शोधत होता. आणि त्याची बायको, जिने मला आत्ता फाडून खाल्लं असतं, ती डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे बघत होती. त्या खोलीत तिचं दुखणं कळणारी मी एकटीच होते. मी तिचा हात धरला. हाताला मासळीचा वास होता, माझी एकादशी, चतुर्थी सगळी त्या क्षणी कुठेतरी बाजूला उभी राहिली.

"उखाण्यात घ्या, काशीबाई," मी म्हटलं. "उखाण्यात चालतं."

तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं. पदराने नाक पुसलं. आणि रडतच, पण एकही अक्षर न गाळता म्हणाली,

"दर्यावर चालली होरी, शिडाला भरला वारा,
तुलशीदासाला माज्या डाक्टर लवकर करा बरा."

डॉक्टर खानोलकरांनी चिठ्ठीवर नजर टाकली आणि सुई टोचली.

नंतरचा वेळ मला नीट आठवत नाही. मी इस्पितळाला फोन लावला. बोलताना उभी राहिले की बसले कोण जाणे, पण एकदाही अडखळले नाही. गाडी आली, त्यांना घेऊन गेली. दत्तू गाडीत चढताना मागे वळून म्हणाला, "बाय, पापलेट वरती द्या. बरफ वितलाय." काशीबाई केसांतली अबोली काढून माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

सगळे पेशंट संपल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावलं. इस्पितळातून निरोप आला होता, माणूस धोक्याबाहेर होता. तरी डॉक्टरांचा चेहरा कार्डिओग्रामच्या कागदासारखा, वाचता न येणारा.

"तुमच्या यजमानांचं नाव काय?"

मी खाली बघितलं. ते चष्मा काढून पुसू लागले.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणून मघाशी." चष्मा बराच वेळ पुसून झाला. "तुम्ही आज नियम मोडलात, बाई. पुन्हा मोडलात तर मी ऐकून घेणार नाही. माणूस जातो त्यात."

"हो डॉक्टर."

"पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. रोझीबाईंचा कधी गेला नाही. सोमवारपासून या."

घरी आल्यावर सगळं सांगितलं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "उखाण्यात घेतलंस ना?"

"उखाण्यातच."

"मगे चलता."

हे मात्र भिंतीपासून सरकून पुढे आले. मग म्हणाले, "तो वाचला ना?"

"वाचला."

"बघ मग," हे म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी ह्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "दोघींनी मिळून नाव घेतलंत आणि आयुष्य वाढलं."

असं काही शास्त्रात नाही. पण मी भटजींना विचारायला गेले नाही.

सोमवारी मी लवकर जाऊन टेबल पुसलं, उदबत्ती लावली, अबोली अजून टवटवीत होती ती टेलिफोनपाशी ठेवली. रविवारी दिवसभर बसून मी ह्यांच्या नावाचे आणखी काही उखाणे रचून ठेवले होते. जगातले सगळे तुळशीदास एकदम आले असते तरी मी डगमगले नसते. घंटा वाजली. मी प्रसन्न मनाने पहिला केसपेपर उचलला.

गंगाधर रामजी तावडे, लालबाग.

आमच्या मामंजींचं नाव गंगाधर. मामंजी गावी असतात, सुखरूप आहेत, त्यांचंही नाव सुनेने घ्यायचं नसतं. आणि नवऱ्याच्या नावाचे उखाणे असतात. सासऱ्यांच्या नावाचा उखाणा घेणारी सून अजून कोकणात जन्माला यायची आहे.

पुन्हा घंटा वाजली. मी उठले, पदर सावरला, शेवटच्या बाकाकडे तोंड केलं आणि बराच वेळ खोकले.

"बिचारी," बाकावरचं कोणीतरी म्हणालं. "हिलाच आधी आत घ्या."